नरकचतुर्दशीचें अभ्यंगस्नान आणि आघाडा

आश्विन वद्य चतुर्दशीस पहाटे तेल लावून, उटणें चोळून ऊन पाण्यानें स्नान करण्याचा आचार महाराष्ट्रांत घरोघर चालतो. हें स्नान कां करावयाचें असें विचारलें असतां लहान मूलहि सांगतें कीं, श्रीकृष्णानें त्या दिवशीं नरकासुरास मारिलें, त्याचें रक्त अंगावर उडालें म्हणून मंगलस्नान केलें, आणि तेंच आपण पुढें चालवीत आहोंत. ही कथा लोकांस प्रिय आहे आणि हा आचार टिकून राहण्यास तिची मदतहि झाली आहे. परंतु ज्या वचनांनीं हें स्नान सांगितलें आहे तीं नीट वाचलीं असतां दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक, त्या विधींत असुराच्या वधापेक्षां यमाचें स्मरणच पदोपदीं आहे; दुसरी, ज्या वनस्पतीला त्यांत मुख्य स्थान आहे ती आज बहुतेक घरांतून नाहींशी झाली आहे. ती वनस्पति म्हणजे आघाडा. आघाड्याच्या मागावर गेलें असतां ह्या स्नानाचा अर्थ कोठपर्यंत पोंचतो हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१

प्रथम विधि पाहूं. कमलाकरभट्टानें इ. स. १६१२ मध्यें पुरा केलेला निर्णयसिंधु आणि पंढरपूरचे काशीनाथशास्त्री उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनीं शके १७१२ मध्यें, म्हणजे इ. स. १७९० च्या सुमारास, रचलेला धर्मसिंधु हे ग्रंथ महाराष्ट्राच्या धर्माचाराचे मुख्य आधार होत. अशा निबंधग्रंथांतून व त्यांनीं आधारास घेतलेल्या पुराणवचनांतून निघणारा क्रम असा: चतुर्दशीस चंद्रोदयीं, म्हणजे वद्य पक्षांतील ती क्षीण कोर सूर्योदयापूर्वीं पूर्वेस दिसूं लागते त्या वेळीं, तेल लावून स्नान करावें. ह्या दिवशीं तेलांत लक्ष्मी व पाण्यांत गंगा वास करते. स्नान चाललें असतां मध्येंच अपामार्ग म्हणजे आघाडा, तुंबी म्हणजे कडू भोपळा आणि प्रपुन्नाट किंवा चक्रमर्द म्हणजे टाकळा ह्या वनस्पति पुनःपुन्हा अंगाभोंवतीं फिरवाव्या. त्या वेळीं म्हणावयाचा मंत्र आघाड्यालाच उद्देशून आहे, व माझें पाप हरण कर अशी त्यांत प्रार्थना आहे. त्या मंत्रांतील एका शब्दाकडे आपणांस पुढें वळावयाचें आहे. स्नानानंतर यमाच्या चौदा नांवांनीं तर्पण करावें. ज्याचा पिता जिवंत आहे त्यानेंहि हें करावें. सायंकाळीं चार वातींचा दिवा लावावा.

येथें तेलासंबंधीं एक विशेष आहे. चतुर्दशी ही पर्वतिथि. चतुर्दशी, अष्टमी, अमावास्या, पौर्णिमा आणि संक्रांति ह्या पर्वांवर तेलाचा उपयोग करणारा नरकास जातो, असें विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशांत सांगितलें आहे. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेनें हीच तिथि कार्तिकांत पडते, आणि कार्तिकस्नानाचें व्रत घेणारास तर महिनाभर तेल वर्ज्य. असें असतां ह्या एकाच चतुर्दशीस तेल लावावें, कार्तिकस्नान करणारानेंहि लावावें, असा अपवाद शास्त्रकारांस करावा लागला. इतर चतुर्दशींस जें केल्यानें नरक, तेंच ह्या चतुर्दशीस नरक चुकविण्याचें साधन झालें. सामान्य नियमाच्या इतकें विरुद्ध वचन शास्त्रकार आपण होऊन काढीत नाहींत. लोकांचा आचार आधींच इतका दृढ होता कीं शास्त्रास त्याला वाट करून द्यावी लागली, असाच ह्याचा अर्थ मला दिसतो. तेव्हां ह्या आचाराचें मूळ शोधावयाचें तर तें केवळ पुराणकथेंत शोधून चालणार नाहीं.

२

आतां नरक म्हणजे कोण, हा प्रश्न. प्राग्ज्योतिषपुरचा राजा, भूमीचा पुत्र नरक ह्याला श्रीकृष्णानें मारिल्याची कथा विष्णुपुराणाच्या पांचव्या अंशांत व भागवताच्या दशमस्कंधांत, ५९ व्या अध्यायांत, आली आहे. सत्यभामेसह गरुडावरून जाणें, मुराचा वध, अदितीचीं कुंडलें परत मिळविणें, बंदींतील सोळा सहस्र स्त्रियांची सुटका, हें सर्व तेथें आहे. परंतु भागवतांतील त्या अध्यायांत आश्विन वद्य चतुर्दशीचें नांव नाहीं, तेलाचें नाहीं, उटण्याचें नाहीं आणि आघाड्याचेंहि नाहीं.

उलट विधिवाक्यांत वनस्पति फिरवावयाच्या त्या नरकाच्या क्षयासाठीं असें म्हटलें आहे. एवढ्या शब्दांवरून असुर कीं यमलोक हें ठरत नाहीं. पण पुढील विधि संशय राहूं देत नाहीं. तर्पण आहे तें यमाला. संध्याकाळचा चार वातींचा दिवा नरकाच्या प्रीतीसाठीं म्हणून द्यावयाचा आहे. मारलेल्या शत्रूच्या प्रीतीसाठीं कोणी दिवा लावीत नाहीं. ज्याच्या दारांतून एक दिवस जावयाचें आहे त्याच्या प्रीतीसाठीं मात्र लावतो. आदल्या दिवशीं, धनत्रयोदशीस, घराबाहेर यमदीप लावावयाचा तो अपमृत्यु टळावा म्हणून. चतुर्दशी-अमावास्येच्या प्रदोषीं हातांत उल्का म्हणजे चुडी घेऊन पितरांस मार्ग दाखवावयाचा. पुढें कार्तिक शुद्ध द्वितीया ती यमद्वितीयाच. अशा रीतीनें त्रयोदशीपासून द्वितीयेपर्यंत यम आणि पितर ह्यांचें सूत्र अखंड चाललें आहे, आणि चतुर्दशीचें स्नान त्या सूत्रांतीलच एक मणि आहे. नामसादृश्यामुळें भौमासुराची कथा त्याला येऊन चिकटली असावी. कथा चिकटल्यानें विधीचें नुकसान झालें असें मी म्हणत नाहीं. फक्त कथेलाच विधीचें कारण समजल्यामुळें विधीचें पोट रिकामें राहिलें, एवढेंच म्हणणें आहे.

३

आघाडा कोणास माहीत नाहीं? पावसाळ्यांत कुंपणाच्या कडेला, पडक्या भिंतीशीं, रस्त्याच्या बाजूला तो आपोआप उगवतो. त्याचा तुरा सरळ उभा वाढतो. पण फूल जाऊन फळ धरूं लागलें म्हणजे तें उलटें वळून देंठाशीं खालीं तोंड करून बसतें. जवळून जाणाराच्या वस्त्राला त्याचीं कांटेरी फळें धरतात. अमरकोशांत त्याच्या नांवांत 'प्रत्यक्पर्णी' व 'खरमंजरी' हीं नांवें आहेत. दुसऱ्यांत तुऱ्याचा खरखरीतपणा आहे, पहिल्यांत उलटें वळण्याचा भाव आहे.

ह्या उलट्या वळण्यावरच अथर्ववेदांतील ऋषींनीं आपलें सर्व बोलणें उभारलें आहे. चौथ्या कांडांतील १७, १८ व १९ हीं सूक्तें अपामार्गाचीं आहेत, आणि सातव्या कांडांतहि त्याचें एक लहान सूक्त आहे. ज्याचीं फळें मागें वळलेलीं, तो अपामार्ग शत्रूनें केलेली कृत्या व दिलेला शाप करणाराकडेच परतवितो, असा त्यांतील आशय आहे. नांवाची व्युत्पत्तिहि ऋषींनींच खेळवली आहे: अप म्हणजे दूर, मृज् म्हणजे पुसणें, जो पुसून दूर करतो तो अपामार्ग. काय पुसावयाचें? चौथ्या कांडांतील सूक्त सांगतें कीं भुकेनें येणारें मरण, तहानेनें येणारें मरण, गाईंचा अभाव आणि अपत्यांचा अभाव. शेतकरी गृहस्थाच्या भीतींची ही यादी आहे. तींत राजाची अथवा युद्धाची एकहि गोष्ट नाहीं.

आमच्या घरांतील बायकांनीं ही यादी वाचलेली नाहीं. तरीहि श्रावणांत जिवतीच्या कागदाला आघाडा व दूर्वा ह्यांचीच माळ घालतात, आणि जिवती ही मुलांची राखणदार देवता. भाद्रपदांत ऋषिपंचमीला स्नानापूर्वीं दांत घासावयाचे ते आघाड्याच्या काड्यांनीं, कारण तें व्रत दोष पुसण्याचें. तेव्हां आघाडा म्हणजे पुसून टाकणारा, हा अर्थ श्रावण, भाद्रपद व आश्विन ह्या तिन्ही महिन्यांच्या आचारांत जागा आहे; फक्त त्याला शब्द उरला नाहीं.

यजुर्वेदीय ग्रंथांत राजसूय यज्ञांतील अपामार्गहोम सांगितला आहे. तैत्तिरीय ब्राह्मणांत तो नमुचीच्या कथेशीं जोडला आहे. ओल्यानें नाहीं व सुक्यानें नाहीं, दिवसा नाहीं व रात्रीं नाहीं, अशा अटींतून वाट काढून इंद्रानें नमुचीस पाण्याच्या फेंसानें मारिलें. तरी त्या वधानें पाठ सोडली नाहीं, तेव्हां अपामार्गाच्या आहुतींनीं राक्षसांचें निवारण झालें. येथेंहि असुराचा वध आहे, आणि वधानंतर आघाडा आहे. नरकासुराच्या कथेला ह्या स्नानांत जागा मिळण्यास अशी जुनी वहिवाट उपयोगी पडली असेल. पण हा तर्क म्हणून सांगतों, सिद्धांत म्हणून नव्हे.

४

ह्याहून महत्त्वाचें स्थळ शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडांतील आठव्या अध्यायांत आहे. तेथें मृताच्या अस्थींवर स्मारकाचा उंचवटा उभारण्याचा विधि सांगितला आहे. त्यासाठीं निवडलेली जागा प्रथम नांगरतात आणि तींत सर्व औषधींचें बी पेरतात. उंचवटा पुरा झाल्यावर कर्ते अपामार्गानें आपलें अंग पुसतात. त्या वेळच्या मंत्रांत पाप, कृत्या आणि दुःस्वप्न दूर करण्याविषयीं अपामार्गाची प्रार्थना आहे. मग पाणी असेल तेथें स्नान करतात, कोरीं वस्त्रें नेसतात, बैलाचें शेंपूट धरून घराकडे परततात, आणि परततांना अंधारांतून वर येऊन श्रेष्ठ प्रकाश पाहिल्याचा मंत्र म्हणतात. घरीं आल्यावर त्यांस डोळ्यांसाठीं अंजन व अंगासाठीं अभ्यंजन देतात. ह्या मनुष्यांच्या अलंकारांनीं ते मृत्यूला आपणांपासून दूर ठेवतात, असें ब्राह्मणकार म्हणतो.

आघाडा, स्नान, कोरें वस्त्र, स्निग्ध अभ्यंजन आणि अंधारांतून प्रकाशाकडे येणें, ह्या पांचहि गोष्टी दिवाळीच्या पहाटेस आपल्या घरांत होतात. क्रम सर्वस्वी तोच नाहीं. तेथें अभ्यंजन स्नानानंतर आहे, येथें तेल स्नानापूर्वीं. शिवाय तेथील विधि एका मृताच्या निमित्तानें, येथील विधि वर्षाच्या निमित्तानें. म्हणून शतपथांतील विधि हाच पुढें दिवाळीचें स्नान झाला असें कोणीं म्हणूं नये. परंतु मृत्यूच्या प्रदेशाहून परतणाराला आघाड्यानें पुसून, न्हाऊन, नवें नेसून पुन्हा जिवंतांत घ्यावयाचें ही एक ठरलेली रीत ह्या देशांत फार जुनी आहे, आणि यमतर्पणासह होणारें चतुर्दशीचें स्नान त्याच रीतीचें आहे, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

५

आतां त्या मंत्रांतील शब्दाकडे वळतों. तो शब्द 'सीतालोष्ट' असा आहे. येथें थोडें स्वतःविषयीं लिहिणें भाग आहे, त्याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी.

कृष्णाकांठच्या आमच्या गांवीं दिवाळीच्या आदल्या संध्याकाळीं आघाडा आणण्याचें काम माझ्याकडे असे. आईची सक्त ताकीद होती कीं आघाडा कुंपणाचा आणावयाचा नाहीं, शेतांत जाऊन आणावयाचा, आणि मुळाला ढेकूळ राहील असा उपटून आणावयाचा. एका वर्षीं मी मुळाची माती झटकून, विहिरीवर धुऊन, स्वच्छ डहाळी घेऊन आलों. आईनें ती बाजूला ठेविली आणि अंधार पडत असतां मला पुन्हा शेतावर धाडलें. धुतलेल्या आघाड्याला काय झालें, हें तिला सांगतां आलें नाहीं. "ढेकळाशिवाय तो फिरवीत नाहींत" एवढेंच ती म्हणाली.

पुढें मी संस्कृत शिकलों, आणि चाळीस वर्षें शाळेंत शिकविलें. दर वर्षीं पहाटे घरांतील मुलांवर आघाडा फिरवितांना तो मंत्र म्हणत असें. आमच्या घरच्या हस्तलिखित पोथींत पहिलें अक्षर ऱ्हस्व होतें, म्हणून मी 'सिता' म्हणजे पांढरी असें समजून 'पांढरें ढेकूळ' असा अर्थ करीत आलों. पांढरें ढेकूळ कां, हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. दरम्यान आम्हीं शहरांत बिऱ्हाड केलें. आघाडा बाजारांतून, बाकीच्या पूजेच्या पत्रीबरोबर, मूळ छाटलेला येऊं लागला, आणि ढेकूळ गेलें.

निवृत्तीनंतर ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलांतील क्षेत्रपतीचें सूक्त (४.५७) पुन्हा वाचीत होतों. त्यांत सीतेला उद्देशून दोन ऋचा आहेत. ही सीता म्हणजे नांगराच्या फाळानें उमटणारी रेघ, ज्याला आपले शेतकरी तास म्हणतात. पारस्करगृह्यसूत्रांत सीतायज्ञ सांगितला आहे तो हिचाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील शेतीचा अधिकारी सीताध्यक्ष तो हिच्यावरूनच. वाचतां वाचतां मंत्रांतील शब्द आठवला आणि चूक ध्यानांत आली. सीतालोष्ट म्हणजे नांगराच्या तासांतील ढेकूळ. मंत्र आघाड्याला सांगतो कीं, तूं तासांतील ढेकळासह आणि कांटेरी पानांसह आहेस. म्हणजे आईनें ज्या आघाड्यासाठीं मला अंधारांत परत धाडलें, त्याच आघाड्याचें हें वर्णन आहे. तिला अक्षरओळख नव्हती, परंतु वस्तु तिनें राखिली होती. मला शब्द येत होता, आणि मींच वस्तु सोडून दिली होती. ही गोष्ट मला समजली तेव्हां ती सांगावयास आई राहिली नव्हती.

तासांतील ताजें ढेकूळ आश्विनाच्या अखेरीस कां असतें हें खेडेगांवच्या माणसास सांगावें लागत नाहीं. खरिपाचें पीक हातीं येत असतें, आणि रब्बीसाठीं जमीन नांगरलेली असते. म्हणजे हें स्नान एका पिकाच्या शेवटीं व दुसऱ्या पिकाच्या आरंभीं उभें आहे. जी जमीन पुढचें अन्न देणार तिचें ढेकूळ, आणि भुकेचें मरण पुसणारा आघाडा, हीं दोन्ही न्हाणाऱ्या माणसाच्या भोंवतीं फिरवावयाचीं.

येथें एका मोहाविषयीं सावध राहिलें पाहिजे. नरक हा भूमीचा पुत्र. कालिकापुराणांत तर तो जनकाच्या यज्ञभूमींत मिळाला व जनकानेंच वाढविला अशी कथा आहे, म्हणजे नांगराच्या रेघेंतून निघालेल्या सीतेशीं त्याचें नातें जुळतें. तेव्हां मंत्रांतील ढेकूळ म्हणजे नरकाची माता भूमि, असा अर्थ कोणी काढील. तो मनोहर आहे. परंतु मंत्रांत ढेकळाकडून नरकाविषयीं कांहींहि मागितलेलें नाहीं, मागणें आघाड्याकडे आहे आणि तें पाप हरण्याचें आहे. कालिकापुराणाच्या कथेवरून ह्या विधीचा अर्थ लावण्यास मला आधार दिसत नाहीं.

६

अलीकडे ह्या स्नानाचें समर्थन आरोग्याच्या दृष्टीनें करण्याची प्रवृत्ति आहे. थंडी सुरू होते, त्वचा रुक्ष पडते, म्हणून पूर्वजांनीं तेल व उटणें सांगितलें, असें म्हणतात. ह्यांत तथ्य आहे, पण तें जपून घेतलें पाहिजे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत वातघ्न तेलाचा अभ्यंग, मर्दन, कषाय द्रव्यांनीं तेल काढून टाकणें व मग स्नान, हा क्रम आहे खरा, आणि तो आपल्या तेल-उटण्याशीं जुळतोहि. परंतु तो हेमंत ऋतूच्या चर्येंत आहे. आश्विन व कार्तिक हे शरदाचे महिने, आणि शरदांत वर्ज्य पदार्थांच्या यादींत वाग्भटानें तेल घातलें आहे. ती यादी मुख्यतः आहाराची आहे हें मान्य. तरी शरदाच्या ऐन मध्यावर तेलाचा उत्सव वैद्यकानें घालून दिला असें त्यावरून म्हणवत नाहीं. आश्विनाची अखेर हा ऋतुसंधि आहे असेंहि पुष्कळ ठिकाणीं लिहितात. पण आपल्या गणनेनें आश्विन-कार्तिक मिळून शरद, तेव्हां त्यांच्या मधली अमावास्या ही ऋतूचा मध्य होय, संधि नव्हे.

मग शरदाचा आणि ह्या स्नानाचा संबंध कोणता? शरद हा आपल्या पूर्वजांच्या दृष्टीनें रोगांचा ऋतु. पावसाचें पाणी सांचलेलें, ऊन कडक, आणि तापाची सांथ. अथर्ववेदांत तक्मा नांवाच्या ज्वराला शारद हें विशेषण लावलेलें आढळतें. शरद ही वैद्यांची माता, असा थट्टेचा श्लोकहि संस्कृतांत आहे. देवीभागवताच्या तिसऱ्या स्कंधांत तर शरद व वसंत ह्या दोन ऋतूंना 'यमदंष्ट्रा', यमाच्या दाढा, म्हटलें आहे, आणि त्यांत पुष्कळ माणसें मरतात म्हणून नवरात्रांचें विधान केलें आहे. डासांनीं ज्वर पसरतो हें ज्ञान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलें. परंतु पावसाळा उलटल्यावर कोणाच्या घरीं कोण राहिलें आणि कोण गेलें, हें प्रत्येक गांवास ठाऊक होतें. त्या दाढेंतून जे वांचले त्यांनीं यमाला चौदा नांवांनीं पाणी द्यावें, आघाड्यानें मरण पुसून घ्यावें, तेल लावून नवें नेसावें, आणि तासांतील ढेकूळ साक्षीस ठेवून पुढील पिकास लागावें. ह्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे विधींतील एकहि अंग निरर्थक राहत नाहीं. टाकळ्याचें 'चक्रमर्द' हें नांवहि येथें आठवावें. दद्रु म्हणजे नायटा ह्या पावसाळी त्वचारोगावर तो प्रसिद्ध आहे.

ऋतूच्या आचारावर मागाहून एखादी पवित्र कथा येऊन बसणें हें केवळ आपल्याच देशांत घडलें असें नाहीं. पेट्रार्क हा इटालियन कवि इ. स. १३३३ मध्यें जर्मनींतील कोलोन शहरीं गेला होता. संत योहानाच्या उत्सवाच्या आदल्या संध्याकाळीं, म्हणजे उन्हाळ्यांतील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, शहरांतील स्त्रिया सुगंधी वनस्पति अंगावर गुंडाळून ऱ्हाइन नदीच्या कांठीं जमल्या आणि बाह्या सारून हात व दंड नदींत धुऊं लागल्या. हें काय म्हणून त्यानें विचारलें असतां, येत्या वर्षाचें सर्व अरिष्ट ह्या धुण्यानें वाहून जातें अशी ह्या लोकांची फार जुनी समजूत आहे, असें त्याला सांगण्यांत आलें. हें त्यानें आपल्या पत्रांत लिहून ठेविलें आहे. संताचें नांव ख्रिस्ती, पण वनस्पति, पाणी आणि वर्षाचें अरिष्ट हें बोलणें त्या संताच्या चरित्रांतलें नव्हे. कोलोनच्या स्त्रियांचा व आपला कांहीं संबंध होता असें मला सुचवावयाचें नाहीं. ऋतु बदलतांना मनुष्याला भीति कोठेंहि तीच वाटते, आणि तो हात घालतो तो पाण्याला आणि पाल्याला, एवढेंच ह्यावरून दिसतें.

७

कोंकणांत व गोमंतकांत ह्या पहाटेस कारीट पायाच्या अंगठ्यानें फोडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. तो नरकासुर चिरडल्याचा संकेत समजतात. गोमंतकांत तर नरकासुराच्या मोठमोठ्या प्रतिमा करून पहाटे जाळतात. कारीट हें भोपळा-काकडीच्या कुळांतील कडू फळ. विधींत सांगितलेली कडू तुंबी आणि कोंकणांतील कारीट ह्यांचा संबंध असावा असें मला वाटतें: फिरवून टाकावयाचें कडू फळ पुढें पायाखालीं फोडावयाचें झालें असेल. हें खरें ठरल्यास विधींतील तीन वनस्पतींपैकीं एक कोंकणानें राखिली, एक आमच्या खेड्यांनीं राखिली, आणि टाकळा बहुधा सर्वांनींच सोडला असें म्हणावें लागेल.

उटण्याचें मात्र तसें झालें नाहीं. नागरमोथा, वाळा, कपूरकचरी, आंबेहळद, चंदन हीं द्रव्यें एकत्र कुटलेलीं, सुंदर वेष्टनांत, दिवाळीपूर्वीं दुकानोदुकानीं मिळतात आणि लोक तीं आवडीनें घेतात. सुगंध विकतां येतो म्हणून तो टिकला. आघाड्याला वास नाहीं, रूप नाहीं, आणि फुकट मिळणाऱ्या तणास कोणी वेष्टन करीत नाहीं. परंतु मंत्र उटण्याला नाहीं, तो आघाड्याला आहे.

माझी विनंती दोन प्रकारची आहे. ज्यांच्या घरीं किंवा गांवीं ह्या स्नानांत आघाडा, टाकळा, तुंबी किंवा ढेकूळ ह्यांपैकीं कांहीं अजून वापरीत असतील, त्यांनीं घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारून तो आचार, स्थळ आणि त्या वेळीं बोलण्याचे शब्द ह्यांसह लिहून ठेवावा. पोथ्या ग्रंथालयांत राहतील. ह्या स्त्रियांचें ज्ञान त्यांच्याबरोबर जाईल, आणि तें कसें जातें हें मीं पाहिलें आहे. दुसरी विनंती साधी आहे. येत्या चतुर्दशीस ज्यांना शक्य असेल त्यांनीं एक आघाडा नांगरलेल्या शेतांतून उपटून आणावा आणि त्याची माती झटकूं नये.